मराठवाड्यातून मानवी हक्कांची वकिली: सुरुवात कुठून करायची?

परभणी, बीड, हिंगोलीकडची कायदा शिकणारी मुलं-मुली भेटली की एक प्रश्न हमखास येतो. मानवी हक्कांची वकिली करायची, तर मुंबई-दिल्लीलाच जावं लागतं का? मी सांगतो, नाही. सरकारी निर्णयापायी माणसाचं आयुष्य कुठं अडतं, हे तहसीलच्या व्हरांड्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं मोठ्या शहरातल्या चेंबरमध्ये दिसत नाही. शिवाय अशा प्रकरणांचा कागद तालुक्यातच तयार होतो. तो ज्याला वाचता येतो आणि मिळवता येतो, तो वकील पुढं खंडपीठात टिकतो. या कामात पडू पाहणाऱ्यांसाठी, वाट कशी आहे ते क्रमानं सांगतो.

आधी हे काम काय आहे ते समजून घ्या

भावाभावांतली वाटणी हा खाजगी वाद. पण त्याच जमिनीबाबत तहसीलदारानं तुम्हाला न ऐकता आदेश काढला, तर तो सार्वजनिक कायद्याचा प्रश्न होतो. समोर शासन असतं, किंवा जिल्हा परिषद, नगरपालिका, विद्यापीठ, पोलीस, जात पडताळणी समिती. अधिकार होता का, तो नियमानं वापरला का, माणसाला बाजू मांडू दिली का, आदेशात कारणं दिली का, एवढंच पाहायचं असतं. संविधानाच्या अनुच्छेद १४, १९ आणि २१ मधले समानतेचे, स्वातंत्र्याचे आणि जीविताचे मूलभूत हक्क हा त्याचा पाया, आणि अनुच्छेद २२६ खालची रिट याचिका, म्हणजे शासनाच्या कारवाईविरुद्ध थेट उच्च न्यायालयात केलेली मागणी, हे त्याचं मुख्य साधन.

मराठवाड्याला हे साधन हाताशी आलं ते २७ ऑगस्ट १९८१ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ तेव्हाच्या औरंगाबादेत सुरू झालं तेव्हा. त्याआधी नांदेडच्या माणसालाही रिटसाठी मुंबई गाठावी लागे. आज मराठवाड्याचे आठ जिल्हे आणि अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार असे बारा जिल्हे या खंडपीठाकडे आहेत. जुन्या निकालांत ते ‘औरंगाबाद खंडपीठ’ म्हणूनच सापडेल. शोधताना तेच नाव टाका.

लोक अजून कौतुकानं ‘बॅरिस्टर’ म्हणतात, म्हणून तेही सांगतो. ती इंग्लंडमधली पदवी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. तिथं आजही कायद्याचं शिक्षण, बारचा अभ्यासक्रम, चारपैकी एका ‘इन’चं, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेचं, सदस्यत्व आणि वरिष्ठाच्या हाताखाली उमेदवारी असाच रस्ता आहे. भारतात मात्र १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानं सगळ्यांना एकाच वर्गात आणलं. तिकडून शिकून आलात तरी इथं उभं राहायला बार कौन्सिलची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, लागतेच. परदेशी शिकायची ऐपत किंवा शिष्यवृत्ती असेल तर जरूर जा, पण त्यावाचून काही अडत नाही.

पदवी आणि सनद

बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यासाठी राज्याची विधी सीईटी. संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे, लातूरचं दयानंद, नांदेडचं नारायणराव चव्हाण ही विधी महाविद्यालयं आपल्याकडच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहेत. २०१७ पासून संभाजीनगरात महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. तिथं प्रवेश क्लॅट या देशपातळीवरच्या परीक्षेतून होतो. कॉलेज कुठलं यावर फार झुरू नका.

इंटर्नशिप मात्र वाया घालवू नका. बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे ती करावी लागते. बहुतेक जण ओळखीच्या वकिलाकडून सही आणून मोकळे होतात. त्यापेक्षा एक महिना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बसा, एक महिना मजुरांमध्ये किंवा भटक्या जमातींमध्ये काम करणाऱ्या संघटनेबरोबर फिरा. तिथं जे दिसतं ते पुस्तकात नाही.

पास झाल्यावर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ च्या निकालात स्पष्ट केलं आहे की कायद्यात ठरवलेल्या शुल्कापेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५ रुपये. स्टॅम्प ड्युटी वेगळी. त्याआधी हजारो रुपये मोजावे लागत आणि गरीब घरातली मुलं तिथंच अडकत. नंतर अखिल भारतीय बार परीक्षा: १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, कायद्याची मूळ पुस्तकं जवळ ठेवायची मुभा. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर हेही ध्यानात ठेवा की मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं त्यासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली आहे.

पहिली वर्षं तालुका-जिल्ह्यात काढा

यावर माझ्याशी वाद घालणारे बरेच आहेत. त्यांचं म्हणणं, रिटचंच काम करायचं तर सनद मिळताच खंडपीठात या. मला ते पटत नाही. रिट याचिकेत साक्षीपुरावा होत नाही. सगळं कागदावर चालतं. कागद कसा जन्मतो हे ज्यानं पाहिलं नाही, त्याला त्यातली फट दिसत नाही. निदान दोन-तीन वर्षं अंबाजोगाई, सेलू, उदगीर, वसमत अशा ठिकाणी रिमांड बघा, जामीन करा, पंचनामा वाचा, उलटतपासणी ऐका. महसुली प्रकरणात तलाठ्याकडून मंडळ अधिकाऱ्याकडे, तिथून तहसीलदाराकडे, मग उपविभागीय अधिकाऱ्याकडे फाइल कशी सरकते ते बघा. रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या रोजच्या नोंदीत, तारीख पडलेली असते, पण पक्षकाराला नोटीस बजावल्याची पोच फाइलमध्ये नसते. नैसर्गिक न्यायाचा भंग तो हाच.

विधी सेवा प्राधिकरणाचं काम याच काळात घ्या. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. २०२२ पासून बचावासाठी पूर्णवेळ वकील नेमण्याची पद्धत आली आहे आणि तिच्यात सहायक म्हणून नवख्यांना जागा असतात. तिथं दुसरं खाजगी काम घेता येत नाही, पण दरमहा मानधन मिळतं आणि तुरुंगात जायची सवय लागते. ही सवय फार मोलाची आहे. कच्च्या कैद्यांशी बोलल्याशिवाय अनुच्छेद २१ कळत नाही.

वरिष्ठ निवडताना एवढंच बघा: त्यांच्या ऑफिसात ड्राफ्ट कोण लिहितं, आणि ज्युनिअरचा ड्राफ्ट ते लाल करून परत देतात का. परत देत असतील तर तिथं थांबा. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं ज्युनिअरला शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये मानधन द्यावं अशी शिफारस केली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्याच्या जवळपासही मिळत नाही. म्हणून सुरुवातीची वर्षं कशी निभवायची याचा घरच्यांशी मोकळेपणानं हिशेब आधीच करा. मुलींना याशिवाय संध्याकाळी ऑफिसात थांबणं, राहायची जागा, एसटीची वेळ हे सगळं बघावं लागतं. जे वरिष्ठ याचा विचार करून कामाच्या वेळा ठरवतात तेच निवडा.

इंग्रजीची भीती

संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं. मराठी माध्यमातून आलेल्यांना याचा धसका असतो. पण खंडपीठात लागतं ते इंग्रजी साहित्यातलं नसतं. छोटी वाक्यं, तारखा, क्रम. रोज एक निकाल वाचा, आणि त्यातला पहिला भाग, म्हणजे घटनाक्रम, स्वतःच्या शब्दांत एका पानात लिहा. वर्षभरात हात बसतो. उलट तुमची मराठी, आणि शक्य असेल तर उर्दू, लमाणी, गोंडी, ही मोठी ठेव आहे. अशिलाचं म्हणणं दुभाष्याशिवाय ऐकणारा वकील याचिकेत खरं लिहितो.

मोडी आवर्जून शिका. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. जुने महसुली आणि शाळेचे दाखले उर्दूत आणि मोडीत आहेत. ते वाचणारा वकील विरळा.

एक प्रकरण जवळून: गायरानाची नोटीस

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते एका नमुन्यावरून दाखवतो. मराठवाड्यात गायरान, म्हणजे गावच्या चराईची सरकारी जमीन, कसणारी भूमिहीन कुटुंबं गावोगावी आहेत, त्यांत दलित आणि भटके जास्त. एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानातून हाच प्रश्न बीड जिल्ह्यातून पुढं आणला. शासनानं १९९१ मध्ये निर्णय काढून १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं. पुढं २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे निर्देश दिले, आणि त्यातही भूमिहीनांना शासकीय योजनेखाली दिलेल्या जमिनींसारखे अपवाद ठेवले. तेव्हापासून तहसीलच्या नोटिसा वाढल्या, आणि अपवादात बसणाऱ्यांनाही त्या येऊ लागल्या.

समजा, असा एक म्हातारा शेतकरी नोटीस घेऊन तुमच्यासमोर बसला आहे. तो सांगेल, “वकीलसाहेब, तलाठ्यानं दंड लावला तवा आम्ही निमूट भरला. आता म्हणतेत, तुमचा कबजाच नव्हता.” इथं नवखा वकील लगेच अनुच्छेद २१ आणि उपजीविकेच्या हक्कावर लिहायला बसतो. थांबा. त्याला विचारा, दंडाच्या पावत्या आहेत का? त्या बहुधा पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडीवर फाटलेल्या अवस्थेत असतात. १९८७ ची एक दंडपावती म्हणजे त्या साली कबजा होता याचा सरकारनं स्वतः दिलेला पुरावा. घडी हळू उलगडा, आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा, मग झेरॉक्स. मूळ पावती लगेच अशिलाला परत द्या.

मग गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, आणि पीकपाहणीचा नमुना १२ यांच्या जुन्या वर्षांच्या नकला मागा. तलाठी देत नसेल तर माहिती अधिकार: अर्जाला १० रुपये, ३० दिवसांची मुदत, मग पहिलं अपील. ग्रामपंचायतीचे जुने ठराव, मतदार यादी, शाळेचा दाखला, विहिरीच्या किंवा घरकुलाच्या नोंदी, जे मिळेल ते. पूर्वी नियमित करण्यासाठी अर्ज केला होता का, त्यावर काय झालं, हेही बघा. अर्ज पडून असेल तर आधी त्याचा निर्णय करा, मग जमीन काढा, अशी मागणी करता येते. महसूल संहितेत कलम ५० अतिक्रमण काढण्याचं आणि कलम ५१ नियमित करण्याचं. नोटीस कुठल्या कलमाखाली आहे ते वाचल्याशिवाय उत्तर देऊ नका.

नोटिशीला उत्तर देताना पोच घ्या. आवक शिक्का, क्रमांक, तारीख. कारकून शिक्का द्यायला टाळाटाळ करतो, तेव्हा तोच मजकूर स्पीड पोस्टानं आणि ईमेलनंही पाठवा. उच्च न्यायालयात पहिला प्रश्न येतो तो, “आधी अधिकाऱ्याकडे मागणी केली होती का?” पोच असलेलं निवेदन हे त्याचं उत्तर. दुसरा प्रश्न: अपिलाची सोय असताना इथं का आलात? १९९८ च्या व्हर्लपूल निकालानं अपवाद सांगितले आहेत: मूलभूत हक्काचा भंग, न ऐकता आदेश, अधिकारच नसणं, कायद्यालाच आव्हान. तुमचं प्रकरण त्यांत बसतं का हे याचिकेच्या पहिल्या दोन पानांत दिसलं पाहिजे. बसत नसेल तर निमूट अपील करा. पक्षकाराचे पैसे आणि वर्ष वाचेल. तिसरा प्रश्न उशिराचा. उशीर झाला असेल तर लपवू नका, कारण लिहा. मजुरीसाठी सहा महिने गाव सोडून गेलेल्या माणसाला नोटीस उशिरा कळते, हे न्यायालयाला समजतं, पण लिहिलं तरच.

आणि १९७८ चा मोहिंदरसिंग गिल निकाल पाठ असू द्या. आदेशात जी कारणं लिहिली त्यांवरच तो टिकला पाहिजे. नंतर प्रतिज्ञापत्र करून नवी कारणं जोडता येत नाहीत. सरकारी वकील नवं काही वाचायला लागले की हा निकाल समोर ठेवा. तहसीलचे आदेश कित्येकदा दोन ओळींचे असतात, त्यामुळं तो फार कामी येतो.

खंडपीठाची रोजची भाषाही शिकावी लागते. याचिका दाखल झाली की ऑफिस ऑब्जेक्शन निघतात: फिकट पान, राहिलेलं भाषांतर, चुकलेलं पृष्ठ क्रमांकन. ते काढल्याशिवाय प्रकरण बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीवर, येत नाही. तातडी असेल तर प्रेसिपी (लवकर सुनावणीची लेखी विनंती) द्या, मेन्शन करा (न्यायाधीशांसमोर तोंडी सांगा), आणि उद्या घर पाडणार आहेत हे एका वाक्यात सांगा. अंतरिम आदेश मिळाला तर हमदस्त बजावणीची परवानगी मागा, म्हणजे तुम्हीच प्रत नेऊन तहसीलदाराच्या हातात देऊ शकता. जेसीबी आधीच निघालेला असतो, तेव्हा या एका शब्दानं घर वाचतं.

पोलीस, कोठडी, तडीपारी

मानवी हक्क म्हटलं की लोकांना हेच आठवतं. इथं वेळ सगळ्यात महत्त्वाची. अटक झालेल्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर नेलं पाहिजे, अटकेची कारणं लेखी आणि त्याला कळेल अशा भाषेत दिली पाहिजेत. डी. के. बसू निकालातले अटकेच्या वेळी पोलिसांनी पाळायचे नियम, अर्नेशकुमार निकालानं सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटकेवर घातलेली बंधनं, हे खिशात हवं. मारहाणीची तक्रार असेल तर रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्यांना सांगून ती रोजनाम्यात नोंदवून घ्या आणि वैद्यकीय तपासणी मागा. २०२० च्या परमवीरसिंग सैनी निकालानंतर पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बंधनकारक आहे. फुटेज जपून ठेवा असा लेखी अर्ज पहिल्याच दिवशी करा. जीवित किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती माहिती अधिकारात ४८ तासांत द्यावी लागते, ही तरतूद फार कमी लोक वापरतात.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा मृत्यू झाला. तो स्वतः कायद्याचा विद्यार्थी होता. त्याच्या आईच्या याचिकेवर खंडपीठानं जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. प्रत्येक नवख्या वकिलानं ते आदेश मिळवून वाचावेत. कोठडीतल्या मृत्यूची दंडाधिकारी चौकशी झाली, तरी पुढं काय, हा प्रश्न तिथं सरळ समोर येतो. नुकसानभरपाईसाठी १९९३ चा नीलाबती बेहेरा निकाल हा आधार आहे.

तडीपारीची आणि एमपीडीएची (धोकादायक ठरवलेल्या व्यक्तींना स्थानबद्ध करण्याच्या राज्याच्या कायद्याची) प्रकरणं खंडपीठात बरीच येतात, आणि नवख्याला शिकायला ती उत्तम. पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खालचा तडीपारीचा आदेश हा असाधारण उपाय आहे, आणि थेट दोन वर्षांची कमाल मुदत दिली तर ती का, याचं कारण आदेशात दिसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. ते प्रकरण जालन्याचंच होतं. एमपीडीएत खटल्याविना बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता असते. तिथं तारखांचा तक्ता करा: शेवटचा गुन्हा कधी, गोपनीय जबाब कधी, प्रस्ताव कधी, आदेश कधी, कारणं कधी दिली, निवेदनावर निर्णय कधी झाला. मधला उशीर खुलाशाविना राहिला की आदेश पडतो. हाणामारी सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका ठरते का, की ती साधी कायदा-सुव्यवस्थेची बाब आहे, हा भेद १९६६ च्या राममनोहर लोहिया निकालातून शिका.

आंदोलनाच्या हक्काबाबत आपल्या खंडपीठाचा अभिमान वाटावा असा निकाल फेब्रुवारी २०२० चा. माजलगावात नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध शांततेनं धरणं धरायला परवानगी नाकारली होती. न्यायालयानं ती नकाराची आणि मनाईची कारवाई रद्द केली आणि शांततेनं विरोध करणाऱ्यांना देशद्रोही म्हणता येणार नाही असं बजावलं. आदेश वरकरणी सर्वांसाठी असला तरी तो कुणाला गप्प करायला काढलाय, हे न्यायालय कसं शोधतं, ते त्यात पायरीपायरीनं दिसतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तबलिगी जमातच्या परदेशी नागरिकांवरचे अहमदनगर जिल्ह्यातले गुन्हे याच खंडपीठानं रद्द केले.

अॅट्रॉसिटीच्या प्रकरणांत पीडितांच्या बाजूनं उभं राहायचं असेल तर कलम १५-अ नीट वाचा. जामिनाच्या सुनावणीची सूचना मिळणं आणि तिथं बोलता येणं हा पीडिताचा हक्क आहे. गावातून दबाव येतो, साक्षीदार ऊसतोडीला निघून जातात, समझोत्याचे निरोप येतात. पीडित कुटुंबाला सुरुवातीलाच नियमाप्रमाणे मिळणारी मदत मिळवून दिली तर ते टिकतात. नाही मिळाली तर कितीही चांगला युक्तिवाद असो, खटला आतून ढासळतो.

ऊसतोडीत अडकलेली माणसं

बीडच्या वकिलाला हा फोन हंगामात येतोच: मुकादमानं जोडप्याला अडवून ठेवलंय, उचल (आगाऊ दिलेले पैसे) फिटेपर्यंत सोडत नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. घेतलेलं कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचा बोजा त्यात सावकारावर टाकलाय, कलम १५. १९८२ च्या एशियाड कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं हे वेठबिगारीला मनाई करणाऱ्या अनुच्छेद २३ चा भंग मानलं. माणूस जिथं अडकलाय तिथल्या जिल्हाधिकाऱ्याला आणि पोलीस अधीक्षकाला लेखी कळवा, सुटकेनंतर उपविभागीय अधिकाऱ्याकडून मुक्ती प्रमाणपत्र घ्या. प्रमाणपत्राविना पुनर्वसनाची मदत अडते. सगळं फसलं तर हेबियस कॉर्पस, म्हणजे अडकवलेल्या माणसाला न्यायालयासमोर हजर करा अशी याचिका.

रोजची भाकरी कुठून येते

नुसत्या मानवी हक्कांवर घर चालत नाही, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही. सार्वजनिक कायद्यातच पोटापुरतं काम आहे. सरपंचांच्या अपात्रतेचे आणि अविश्वासाचे वाद, शिक्षकांच्या मान्यता आणि पेन्शन, जमीन संपादनाचा मावेजा (मोबदला), आणि सगळ्यात जास्त जात पडताळणी. मन्नेरवारलू, कोळी महादेव यांसारख्या दाव्यांच्या याचिका खंडपीठात सतत चालू असतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा कुठं शोधायचा, हे ज्याला कळतं त्याच्याकडे लोक आपोआप येतात. जात पडताळणीची पद्धत घालून देणारा १९९४ चा माधुरी पाटील निकाल आणि आप्तभाव चाचणी (जमातीच्या चालीरीती-परंपरांशी नातं तपासणं) हीच अंतिम कसोटी नाही असं सांगणारा २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

फी आधी सांगा आणि पावती द्या. मावेज्याच्या टक्केवारीवर फी ठरवणं नियमात बसत नाही, कुणी कितीही सर्रास करत असो. जाहिरातही करता येत नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला विधी सेवा समितीचा अर्ज भरून द्या. खंडपीठात तिची उपसमिती आहे.

जनहित याचिकेची घाई करू नका. २०१० च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नियमांत याचिकाकर्त्यानं स्वतःची माहिती आणि हेतू उघड करणं आवश्यक आहे, आणि उथळ याचिकेला दंड बसतो. त्याहून वाईट म्हणजे, कच्च्या तयारीची जनहित याचिका फेटाळली की तो प्रश्न वर्षानुवर्षं बंद होतो. जायकवाडीच्या पाण्याचं उदाहरण घ्या. वरच्या धरणांतून समन्यायी पाणी सोडण्याबाबत २०१६ चा उच्च न्यायालयाचा निकाल आला, तो पाणी प्राधिकरणाचा २००५ चा कायदा, २०१४ चा आदेश आणि धरणांच्या साठ्यांची आकडेवारी या सगळ्याच्या जोरावर. तहानेची नुसती वर्णनं पुरली नसती.

राज्य मानवी हक्क आयोगाचा मार्ग साधा आहे. फी नाही, वकिलाची सक्ती नाही, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार हवी. आयोग शिफारस करतो. ती पाळली जात नसेल तर पुन्हा रिट.

निकाल लागल्यावर

इथं बहुतेक वकील थांबतात आणि इथंच अशील हरतो. प्रमाणित प्रत काढा, ती संबंधित कार्यालयात पोच घेऊन द्या, आणि आदेशात मुदत असेल तर ती डायरीत लिहा. आदेश पाळला नाही तर अवमान याचिका एका वर्षाच्या आत करावी लागते. ती तारीखही त्याच दिवशी लिहून ठेवा. मग अशिलाला समोर बसवून निकाल मराठीत वाचून दाखवा. काय मिळालं, काय मिळालं नाही, तहसीलदारानं काही विचारलं तर कुठला परिच्छेद दाखवायचा, हे पेन्सिलीनं खूण करून द्या. शक्य असेल तर दोन पानी मराठी सारांश सहीनिशी द्या. गावात तोच कागद फिरतो, आणि शेजारच्या वस्तीला नोटीस आली की तीच दोन पानं घेऊन पुढचा माणूस तुमच्याकडे येतो.